चेक कुणाच्या नावाचा?

या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा आम्ही 'अमेरिकेतील शेतीची सरकारी अनुदाने' असे सांगितले. ते थोडे चमकले. कापूसबाजारात हमालांची युनियन चालविणारा माणूस हमालीच्या दरावर बोलेल, फार तर मे दिनावर बोलेल, अशी त्यांची समजूत असावी. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण गाठी वाहताना, लेबर कोर्टाच्या व्हरांड्यात तारखेची वाट पाहताना आणि गावच्या सार्वजनिक वाचनालयात झाले. तेव्हा पंडिताचा अधिकार आम्ही सांगत नाही. पण एका साध्या घटनेने आम्हांला या विषयाकडे ओढले. ती आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागात अतिवृष्टी झाली. आमच्या एका सभासदाच्या भावाने सहा एकर शेत ठेक्याने केले होते. ठेक्याचे पैसे पेरणीपूर्वीच त्याने मालकाला मोजून दिले होते. बियाणे त्याचे, खत त्याचे, निंदण-खुरपण त्याच्या बायकोचे. झाडावरच बोंडे सडली. पंचनामा करायला माणसे आली, तेव्हा गुडघाभर चिखलात उभा राहून बांध दाखविणाराही तोच. पुढे नुकसानभरपाई मंजूर झाली आणि ती शहरात राहणाऱ्या मालकाच्या खात्यात जमा झाली. कारण सातबारा मालकाच्या नावाचा. मालक भला माणूस. त्याने बोलावून निम्मी रक्कम दिली. आमच्या सभासदाच्या भावाने ती दोन्ही हातांनी घेतली आणि तो पाया पडला. आम्ही कचेरीत जाऊन विचारले. तेथील कारकून म्हणाला, "साहेब, नियमाप्रमाणे झाले आहे." त्याचे म्हणणे खरे होते. ज्याचे पीक बुडाले त्याला भरपाईसाठी दुसऱ्याच्या पाया पडावे लागावे, असा नियम कसा तयार होतो, याचा शोध घेता घेता आम्ही अमेरिकेतल्या एका कौंटीपर्यंत जाऊन पोचलो.

कौंटी आणि तिथला कापूस

कौंटी म्हणजे राज्याचा एक कारभारी विभाग. आपल्याकडच्या मोठ्या तालुक्याएवढा मुलूख समजावा. तिचे न्यायालय, तिचा शेरीफ आणि तिचे दप्तर स्वतंत्र असते. आर्कान्सा राज्याच्या ईशान्य भागात, मिसिसिपी नदीच्या पश्चिमेला पॉइन्सेट नावाची कौंटी आहे. तिच्यातला पूर्वेचा सखल भाग एके काळी दलदलीचा व जंगलाचा होता. लाकडाच्या कंपन्यांनी झाडे तोडली, पाण्याचा निचरा झाला, आणि ती गाळाची कसदार जमीन कापसाखाली आली. मोठमोठे मळे उभे राहिले.

हे मळे कसणारे लोक बटईदार होते. काही काळे, काही गोरे; दारिद्र्याच्या बाबतीत दोघांत फारसे अंतर नव्हते. पद्धत अशी : झोपडे मालकाचे, खेचर मालकाचे, नांगर मालकाचा, राबणूक बटईदाराच्या साऱ्या कुटुंबाची. पीक निम्मे निम्मे. वर्षभराचे पीठ, मीठ, डुकराची चरबी मळ्याच्या दुकानातून उधार मिळे, आणि त्या उधारीवर भारी व्याज चढे. हिशेबाची वही मालकाच्या मुनिमापाशी. सुगी झाली की हिशेब व्हायचा. बहुतेकांच्या हाती फारच थोडे पडे. अनेकांचे देणेच पुढच्या सालावर जाई. ज्यांनी आपल्या वडीलधाऱ्यांकडून सावकाराच्या वहीच्या कथा ऐकल्या असतील, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

नांगराखाली गेलेली पऱ्हाटी

१९२९ साली तेथे रुईला पौंडाला सुमारे १७ सेंट भाव होता. पौंड म्हणजे आपल्या आजोबांच्या तोंडचा रतल. मंदी आली आणि १९३१ साली तोच भाव सहा सेंटांच्या खाली गेला. मालक गहाणात बुडाले, बँका बुडाल्या, बटईदार तर आधीच बुडालेला होता. १९३३ च्या मार्चमध्ये रूझवेल्ट अध्यक्ष झाले व मे महिन्यात शेती-समायोजनाचा कायदा मंजूर झाला. अमेरिकेत शेतकऱ्याला सरकारी चेक मिळण्याची जी मोठी परंपरा आहे, तिचा उगम हा.

कायद्यामागचा विचार सरळ होता. माल फार झाला म्हणून भाव पडला. तेव्हा माल कमी करावा म्हणजे भाव चढेल. पण एकट्या शेतकऱ्याने पेरा कमी केला तर तो एकटाच मरतो. म्हणून सर्वांनी मिळून कमी करावा आणि जो कमी करील त्याला सरकारने पैसे द्यावेत. हे पैसे उभे करण्यासाठी गिरण्यांवर कर बसविला. कापसावर तो पौंडाला ४.२ सेंट होता. अर्थात तो शेवटी कापड घेणाऱ्याकडूनच वसूल होणार, हे आपणां शहरवासीयांना ठाऊक आहेच.

कायदा झाला तेव्हा कापूस पेरून झालेला होता. म्हणून त्या वर्षी उभे पीकच मोडायचे ठरले. सुमारे एक कोटी एकर कापूस नांगराखाली घातला गेला. त्या वेळच्या वृत्तान्तांत एक गोष्ट येते. खेचरांना जन्मभर दोन ओळींमधून चालायला शिकविलेले; रोपावर पाय पडला की चाबूक बसे. आता त्यांना रोपावरूनच चालायला सांगितले, तर ती जागची हलेनात.

उपाय विचित्र वाटतो खरा. पण तो फसला असे म्हणता येणार नाही. १९३२ साली साडेसहा सेंटांच्या आसपास असलेला भाव १९३३ साली दहा सेंटांवर आणि १९३४ साली बारा सेंटांवर गेला. कित्येक शेतकऱ्यांची जमीन लिलावातून वाचली. शेतीला सरकारने मदत करूच नये, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. आभाळ आणि बाजार हे दोन धनी ज्याच्या डोक्यावर आहेत, त्याला तिसऱ्या कुणाचा तरी आधार हवाच. आमचा प्रश्न पुढचा आहे. हा आधार नेमका कुणाच्या हाती पडतो?

साडेचार सेंटांची वाटणी

१९३४ व १९३५ या दोन वर्षांसाठी सरकारने कापूसवाल्यांशी करार केले. प्रत्येक मळ्याच्या कापसाच्या जमिनीपैकी पहिल्या वर्षी सुमारे चार दशांश जमीन पडीक ठेवायची. तिच्याबद्दल सरकार दोन प्रकारची रक्कम देई. पहिली जमिनीचे भाडे म्हणून पौंडाला साडेतीन सेंट. दुसरी भावाची तूट भरून काढण्यासाठी पौंडाला एक सेंट. पहिली रक्कम सगळी मालकाची. दुसरी रक्कम पिकाच्या वाटणीप्रमाणे, म्हणजे निम्मी मालकाची व निम्मी बटईदाराची.

कागद-पेन्सिल घेऊन मांडून पाहू. जी जमीन शंभर पौंड रुई देत होती ती पडीक ठेवली, तर सरकारकडून एकूण साडेचार डॉलर येत. त्यांतले चार डॉलर मालकाला आणि अर्धा डॉलर बटईदाराला. म्हणजे नऊ हिश्श्यांपैकी आठ एकाकडे आणि एक दुसऱ्याकडे. पण त्याच जमिनीवर कापूस पिकला असता, तर बटईदाराला निम्मा मिळाला असता! पेरा कमी झाल्याने त्याचे काम गेले आणि त्या गेलेल्या कामाचा मोबदला मालकाला मिळाला. शिवाय जो अर्धा डॉलर त्याच्या वाट्याचा, तोही पुष्कळ ठिकाणी दुकानाच्या उधारीत वळता होई.

स्वतःची खेचरे व अवजारे बाळगणारा, आपली शेती आपण पाहणारा जो कूळ होता, त्याला भाड्याच्या रकमेतही निम्मा वाटा ठरविला होता. पण हा कूळ त्या वर्गातला आहे की साधा बटईदार, हे लिहून देणार कोण? मालक. आणि मालकाने खोटे लिहिले अशी तक्रार आली तर ती तपासणार कोण? कौंटीची समिती.

या समितीविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. कारण अमेरिकन अनुदानाचे खरे यंत्र तेच आहे. वॉशिंग्टनमध्ये बसून लाखो शेतांची मोजणी करता येत नाही. म्हणून प्रत्येक कौंटीत स्थानिक शेतकऱ्यांची समिती नेमली. कुणाचा पेरा किती, कुणाचा कोटा किती, हे ती ठरवी. कल्पना लोकशाहीची होती, आणि जेथे बहुतेक शेतकरी सारख्या ऐपतीचे होते तेथे ती बरी चाललीही. पण कापसाच्या मुलखात समितीवर कोण बसणार? मळेवाले व त्यांचे सोयरे. बटईदाराने मळेवाल्याविरुद्ध तक्रार वॉशिंग्टनला पाठवायची, वॉशिंग्टनने ती चौकशीसाठी कौंटीकडे परत पाठवायची, आणि कौंटीत ती मळेवाल्याच्याच टेबलावर यायची. आमच्या हमालांनी मुकादमाविरुद्ध अर्ज करावा आणि अर्ज चौकशीला मुकादमाकडेच यावा, तशातली गत.

कराराच्या सातव्या कलमात बटईदारांविषयी काही वाक्ये होती. पेरा अशा रीतीने कमी करावा की मजुरांची शक्य तितकी कमी हालअपेष्टा होईल. शक्य तोवर नेहमीइतकी कुळे ठेवावीत. त्यांना घरात बिनभाड्याने राहू द्यावे. पण तेथेच एक पाचर होती. जो कूळ उपद्रवी ठरेल किंवा मालकाच्या हिताला धोका होईल, त्याला ही सवलत नव्हती. उपद्रवी कोण, हे मालकानेच ठरवायचे. युनियनचे कार्ड खिशात सापडणे एवढा उपद्रव पुष्कळ होता. आम्ही तीस वर्षे करारनामे वाचत आलो आहोत. 'शक्य तोवर' हे शब्द दिसले की आम्ही आमच्या पोरांना सांगतो, येथे बोट ठेवा.

अठरा माणसे

पॉइन्सेट कौंटीत टायरोन्झा नावाचे लहानसे गाव आहे. त्याच्याजवळ हायरम नॉरक्रॉस या वकिलाचा मळा होता. १९३४ च्या आरंभी त्याने वीसांहून अधिक कुटुंबे मळ्यावरून काढून टाकली. गावात एच. एल. मिचेल याचे कपडे धुण्याचे दुकान होते आणि शेजारी क्ले ईस्ट याचा पेट्रोल पंप. दोघेही समाजवादी विचारांचे. गिऱ्हाइकांशी बोलता बोलता ते हे सारे ऐकत होते. १९३४ च्या जुलैत त्या मळ्याजवळच्या शाळेत अठरा माणसे जमली. अकरा गोरी आणि सात काळी. त्यांनी 'सदर्न टेनंट फार्मर्स युनियन', म्हणजे दक्षिणेतील कुळांची संघटना, स्थापन केली.

त्या सभेत पहिला प्रश्न आला तो असा की काळ्यांची युनियन वेगळी असावी की एकच? त्या काळी त्या मुलखात काळा आणि गोरा एका बाकावर बसत नव्हते. जमलेल्यांपैकी एक वृद्ध काळे गृहस्थ १९१९ साली त्याच राज्यात फिलिप्स कौंटीतील ईलेन येथे झालेल्या हत्याकांडातून वाचलेले होते. तेथे काळ्या बटईदारांनी हिशेब मागण्यासाठी संघटना केली, तेव्हा फार मोठ्या संख्येने त्यांची कत्तल झाली होती. वेगळे राहिलो तर एकेकाला गाठून मारतील, हा धडा त्यांनी मांडला. आणि युनियन एकच झाली. पुढे ई. बी. मकिनी हे काळे धर्मोपदेशक तिचे उपाध्यक्ष झाले.

युनियन प्रथम न्यायालयात गेली. करारातील सातव्या कलमाचा भंग झाला, असे तिचे म्हणणे. आर्कान्साच्या सर्वोच्च न्यायालयात १९३५ साली दावा फेटाळला गेला. करार सरकार व मालक यांच्यात झालेला आहे; कूळ त्यात पक्षकार नाही; तेव्हा त्याला त्या करारावर दाद मागता येत नाही. ज्याच्या पोटावर करार झाला, त्याला त्या कागदावर नाव नाही म्हणून बोलण्याचा अधिकार नाही, असा याचा अर्थ.

वॉशिंग्टनमध्येही हा प्रश्न पेटला. शेतीखात्याच्या कायदा विभागातील तरुण वकिलांनी सातव्या कलमाचा अर्थ असा लावला की पूर्वी जी कुळे होती तीच ठेवली पाहिजेत. नुसती संख्या भरून भागणार नाही. यावर मळेवाल्यांचे प्रतिनिधी खवळले. १९३५ च्या फेब्रुवारीत त्या विभागाचे प्रमुख जेरोम फ्रँक व त्यांचे काही सहकारी यांना नोकरीवरून दूर केले गेले. मेरी कॉनर मायर्स या वकील बाईंना सरकारनेच चौकशीसाठी आर्कान्सात पाठविले होते. त्यांचा अहवाल दडपून ठेवण्यात आला.

खेड्यात तर सरळ दंडुकेशाहीच होती. सभा मोडल्या गेल्या, वॉर्ड रॉजर्स या तरुण संघटकाला अटक झाली, घरांवर गोळ्या झाडल्या गेल्या. युनियनला आपली कचेरी नदीपलीकडे मेम्फिस शहरात न्यावी लागली. तरीही १९३५ च्या शरदात, बोंडे फुटलेली असताना, तिने वेचणीचा संप पुकारला. शंभर पौंड वेचणीला एक डॉलर ही मागणी. लोक मिरवणुकीने बाहेर पडले नाहीत. ते फक्त घरात बसून राहिले. कापूस शेतात पांढरा होऊन उभा. पुष्कळ ठिकाणी ७५ सेंट दर मिळाला, आणि तो आधीच्या दराहून बराच चढा होता.

कायदा सुधारला आणि माणसे रस्त्यावर आली

आता या विषयातली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट सांगतो. आम्हांला स्वतःला ती समजायला वेळ लागला.

या गाऱ्हाण्यांचा परिणाम झालाच नाही असे नाही. १९३६ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने पहिला कायदा घटनाबाह्य ठरविला. त्याच्या जागी जे नवे कायदे १९३६ व १९३८ साली झाले, त्यांत बटईदाराचा वाटा वाढविला. वाचणाऱ्याला वाटेल, लढा जिंकला. पण मळेवाल्याने दुसरा हिशेब केला. बटईदार ठेवला तर त्याला चेकचा वाटा द्यावा लागतो. रोजंदारीचा मजूर ठेवला तर त्याला काहीच द्यावे लागत नाही, कारण मजुराचा पिकात वाटा नसतो. मग बटईदार ठेवायचाच कशाला?

मिसूरी राज्याच्या आग्नेय कोपऱ्यातील कापसाच्या मुलखात याचे फळ दिसले. १९३९ च्या जानेवारीत, कडाक्याच्या थंडीत, हजाराहून अधिक माणसे, बहुतेक काळी, ६० व ६१ क्रमांकांच्या हमरस्त्यांच्या कडेला आपले बिऱ्हाड मांडून बसली. पलंग, चुली, कोंबड्या, तान्ही पोरे, सगळे उघड्यावर. काहींना मालकांनी काढले होते आणि काहींना काढण्याच्या नोटिसा होत्या. त्यांचे पुढारी ओवेन व्हिटफील्ड हे स्वतः बटईदार व धर्मोपदेशक. रस्त्याने जाणाऱ्या मोटारींना आपली दशा दिसावी, एवढाच त्यांचा हेतू. वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली, अध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनी आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले. आरोग्याला धोका आहे असे सांगून पोलिसांनी माणसे तेथून हलविली. पुढे सरकारने त्या भागात मजुरांसाठी घरांच्या वसाहती बांधल्या, हे या धरण्याचे श्रेय.

१९३० साली अमेरिकेच्या दक्षिणेत सुमारे ७ लाख ७६ हजार बटईदार होते. १९४० साली ते ५ लाख ४१ हजारांवर आले. सरकारी चेकाच्या पैशांतून पुष्कळ मळेवाल्यांनी ट्रॅक्टर घेतले, आणि एकेका ट्रॅक्टरने कित्येक कुटुंबांचे काम घेतले. पुढच्या काळात वेचणीचे यंत्रही आले. यंत्र कधी तरी आलेच असते, हे आम्ही नाकारीत नाही. पण त्याची किंमत सरकारी तिजोरीतून दिली गेली आणि ज्यांचे काम गेले त्यांना त्या तिजोरीतून काही मिळाले नाही, हा अन्याय यंत्राचा नव्हे.

युनियनचे काय झाले, तेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. १९३७ साली ती एका मोठ्या मध्यवर्ती कामगार संघाला जोडली गेली. तो संघ दरमहा वर्गणी व छापील तक्ते मागू लागला. ज्यांना वाचता येत नाही आणि ज्यांच्या हातात वर्षातून एकदा रोकड येते, अशा सभासदांना हे कसे जमणार? भांडणे झाली, १९३९ साली फूट पडली आणि युनियन खिळखिळी झाली. मळेवाल्यांच्या बंदुकांनी जे झाले नाही ते तक्त्यांनी केले. आमच्यासारख्या युनियनवाल्यांनी हे पान वरचेवर वाचावे.

त्यानंतरची वाटचाल

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. १९६० च्या दशकात मिसिसिपी राज्यातील सनफ्लावर कौंटीत सिनेटर जेम्स ईस्टलंड यांचा मोठा मळा होता. त्या मळ्याला एका वर्षात दीड लाख डॉलरांहून अधिक सरकारी रक्कम मिळाल्याचे प्रसिद्ध झाले. शेजारच्या बोलिव्हर कौंटीतील शॉ या गावी १९६५ साली शेतमजुरांनी युनियन काढून संप केला. तेव्हा त्यांची मजुरी दिवसाला तीन डॉलर होती. शेतमजुरांना किमान वेतनाचा कायदा लागू झाला तो १९६६ च्या दुरुस्तीने.

मोठ्या रकमांविरुद्ध ओरड झाली म्हणून १९७० साली एका माणसाला एका पिकासाठी ५५ हजार डॉलरांहून जास्त देऊ नयेत, अशी मर्यादा घातली. लगेच एका मळ्याचे कागदोपत्री अनेक मालक झाले. भाऊ, मेहुणे, कंपन्या, कंपन्यांच्या कंपन्या! या युक्तीला तिकडे 'मिसिसिपीचे ख्रिसमस झाड' असे नाव पडले. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यानंतर आपल्याकडे कुणाकुणाच्या नावावर जमिनी चढल्या, हे ज्यांना माहीत आहे त्यांना हसू येईल.

कौंटी समित्यांचा पक्षपात मात्र न्यायालयात शाबीत करण्यापर्यंत गेला. कर्ज व मदत देताना काळ्या शेतकऱ्यांना डावलले जाते, असा दावा त्यांनी लावला. १९९९ साली सरकारने तडजोड केली आणि तिच्याखाली पंधरा हजारांहून अधिक अर्जदारांना मिळून सुमारे एक अब्ज डॉलर दिले गेले. पण तोवर त्यांच्यापैकी पुष्कळांची जमीन गेलेली होती.

१९९६ च्या कायद्यापासून अनुदानाचा बराच भाग प्रत्यक्ष पेऱ्याशी न जोडता जमिनीच्या जुन्या नोंदलेल्या एकरांशी जोडला गेला. आज अमेरिकेत खंडाने शेती करणारा बहुधा मोठ्या यंत्रांचा धनी असतो, आणि रोख खंड देणाऱ्याला चेकही मिळतो. परंतु चेक येणार हे मालकालाही ठाऊक असते. तो खंड वाढवितो आणि चेकचा काही हिस्सा मागल्या दाराने जमिनीच्या मालकाकडे जातो. पैसा जमिनीला चिकटविला की तो जमिनीबरोबर जातो. पॉइन्सेट कौंटीत आज भात, सोयाबीन, कापूस होतो. माणसे थोडी आणि यंत्रे मोठी. मिचेल आणि ईस्ट यांची दुकाने जेथे होती, त्या इमारतीत २००६ सालापासून बटईदारांच्या लढ्याचे संग्रहालय आहे.

आपल्याकडचा सातबारा

आता घरी येऊ. आपल्याकडे १९४८ साली मुंबई राज्याचा कूळकायदा झाला आणि १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला. त्या दिवशी कसणारा कूळ जमिनीचा मालक मानला गेला. अनेकांच्या घरात त्यामुळे भाकरी आली. पण त्याच वर्षी पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर व त्यांचे सहकारी खुदानपूर यांची या कायद्याच्या अंमलबजावणीची पाहणी प्रसिद्ध झाली. कायदा असूनही कुळांच्या हातून जमिनी मालकांकडे परत जात असल्याचे तिच्यात दिसले. मिसूरीत झाले तेच वेगळ्या रीतीने येथे झाले होते. नाव लागले तर हक्क येईल, या भीतीने आधी नावच पुसले गेले. आजही ठेका व बटई बहुधा तोंडीच चालते. मालकाला कुळाच्या नोंदीची धास्ती, आणि कागद मागितला तर पुढच्या साली शेत मिळणार नाही याची ठेकेदाराला धास्ती.

२०१९ साली सुरू झालेल्या पंतप्रधान किसान योजनेत वर्षाला सहा हजार रुपये थेट खात्यात देण्याची सोय झाली. महाराष्ट्र सरकारने २०२३ साली तिला आणखी सहा हजारांची जोड दिली. मधला दलाल गेला, ही गोष्ट चांगलीच झाली. पण जमीन नावावर असली पाहिजे, ही अट. म्हणजे ठेक्याने करणारा बाहेर, बटईदार बाहेर, शेतमजूर बाहेर, आणि नवऱ्याच्या पश्चात वारस नोंद न झालेली बाईही बाहेर. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात शेतकरी ११.८८ कोटी आणि शेतमजूर १४.४३ कोटी नोंदले गेले, हे येथे ध्यानात घ्यावे. जमीन नसलेल्यास शोधता येत नाही, ही सबबही पुरती खरी नाही. ओडिशाने डिसेंबर २०१८ मध्ये कालिया योजना जाहीर केली, तेव्हा भूमिहीन शेतमजूर कुटुंबांसाठी तिच्यात वेगळी तरतूद केलेली होती.

मग करावे काय? मालकाचा वाटा काढून कसणाऱ्याला द्या, एवढेच लिहिले तर मिसूरीचा हिवाळा आपल्याही दारी येईल. कसणाऱ्याची नोंद मालकीहक्काच्या वादापासून वेगळी ठेवली पाहिजे. यंदा हे पीक कुणी केले, एवढीच ती नोंद असावी, म्हणजे मालकाची धास्ती कमी होईल. त्या नोंदीवर नुकसानभरपाई व पीकविमा सरळ कसणाऱ्याच्या खात्यात जावा. तक्रार ऐकणारा माणूस गावच्या मोठ्या सातबाऱ्याचा सोयरा नसावा. आणि या सर्वांच्या पाठीशी कसणाऱ्यांची संघटना हवी. नाहीतर उत्तम कलमही कपाटात राहते.

हे स्वप्नरंजन नव्हे. आमचे हमाल पूर्वी ज्याच्या गाठी वाहत, त्याच्या वहीत त्यांचे नाव नसे. मजुरी टोळीच्या मुकादमाच्या हाती पडे आणि तो देईल ती घ्यायची. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. मंडळाकडे हमालाच्या नावाची नोंद होऊ लागली, व्यापारी मजुरी व वर लेव्ही मंडळात भरू लागला, आणि हमालाला पगार, भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी स्वतःच्या नावाने मिळू लागली. त्यात गैरप्रकार नाहीत असे आम्ही म्हणणार नाही. त्यांच्याशी आम्ही रोज भांडतो. पण पाठीवर गाठ घेणाऱ्याचे नाव वहीत लिहिता येते, एवढे त्या कायद्याने सिद्ध केले. शेतात वाकणाऱ्याचे नाव लिहिता येत नाही, असे कोण म्हणेल?

शेवटी आपणां सर्वांना एक विनंती. व्याख्यानाला येणाऱ्या मंडळींपैकी अनेकांच्या नावावर गावाकडे थोडीबहुत जमीन असेल. नोकरी-धंद्यासाठी आपण शहरात आलो. शेत कुणी तरी ठेक्याने करीत आहे. यंदा सरकारी मदतीचे पैसे आपल्या खात्यात जमा झाल्याचा संदेश आला, तर घटकाभर थांबून ते पीक कुणाचे होते याचा विचार करावा. त्याला त्याचे पैसे द्यावेत, आणि देताना त्याला पाया पडू देऊ नये. कायदा बदलेल तेव्हा बदलेल; तो बदलावा म्हणून आमची खटपट चालूच राहील. आपल्या शेताचा हिशेब मात्र आपल्याला आजही नीट करता येईल.